डिप्टेरिसिन वाढलं म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताणच, असं नाही

म्हाताऱ्या फळमाशांत डिप्टेरिसिन (जिवाणूंशी लढणारं प्रथिन) वाढलेलं दिसलं, ते ऑक्सिडेटिव्ह ताणामुळेच (ऑक्सिजनच्या घातक रेणूंनी पेशींची होणारी हानी), हा निष्कर्ष घाईचा वाटतो. वयाबरोबर माशीच्या अंगातले जिवाणूही वाढतात आणि प्रतिकारशक्तीची जनुकं त्यांच्यामुळेही चेततात. सोबत एचएसपी-२२ (ऑक्सिडेटिव्ह ताणात वाढणारं प्रथिन) याचंही जनुक मोजा, आणि तरुण माशांना पॅराक्वाट (असा ताण आणणारं तणनाशक) देऊन तुलना करा: २-३ तास उपाशी ठेवून, ५ टक्के साखरेच्या पाण्यात २० मिलिमोलर, गाळणकागदावर. जहाल विष आहे, हातमोजे हवेतच. माशा मरायला लागण्याआधी गोठवा. मेलेल्या माशीतला आरएनए (ज्यावरून जनुक किती चेतलंय ते मोजतात) तुटतो, मग आकडे फसवतात. शक्यतो नरच घ्या. मादीच्या अंडाशयात आरएनए भरपूर असतो. वयाबरोबर अंडी कमी होतात आणि तोच फरक वार्धक्याच्या खाती जमा होतो.