चांदोलीचं दार कोकणाकडे उघडावं का?

शास्त्रीकाठ (संगमेश्वर):
चांदोली राष्ट्रीय उद्यानाची पश्चिमेची कड आमच्या शृंगारपूरच्या डोक्यावर उभी आहे. प्रचितगडावर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. एक वारणेतून पूर्वेला जातो आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळतो, दुसरा आमच्या शास्त्रीतून जयगडच्या खाडीत येतो. पाणी आमच्याकडे येतं, पाहुणा मात्र येत नाही. जंगल बघायचं तर आंबा घाट चढा, मलकापूरवरून वारणेच्या खोऱ्यात उतरा, मग जीपगाडीत बसा. माझी मागणी एवढीच की वनखात्याने शृंगारपुरात तपासणी नाका करावा, रोज ठरावीक माणसं सोडावीत आणि प्रत्येक गटासोबत गावातला वाटाड्या सक्तीचा करावा. गाडीरस्ता नको, पायवाट पुरे.

घाटवाट:
दादा, पायवाटेने पोट भरत नाही. संगमेश्वर-पाटण घाटरस्त्याची मागणी किती जुनी आहे! रस्ता झाला तर आमचा आंबा, काजू थेट कऱ्हाडच्या बाजारात जाईल आणि पर्यटकही येतील. मुंबईला गेलेली पोरं परत येतील. नाक्यावर रोज चार वाटाडे लागतील, बाकीच्यांनी काय करायचं?

कातळसडा:
दोघांनाही माझा विरोध. 2004 साली हे राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. आतली गावं उठवली, त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेतं सोडली. आज तिथे गवत आहे, त्यावर गवे, सांबर चरतात. 2025 मध्ये ताडोब्याहून वाघीण आणून सोडली. ज्यांना उठवलं त्यांना आपण काय सांगणार, तुमची जागा पर्यटकांसाठी मोकळी केली म्हणून?

आणि घाटवाट, 2021 च्या जुलैत आंबा घाटात दरडी कोसळल्या, तेव्हा आपण किती दिवस अडकलो होतो आठवतं ना? घाटमाथ्यावरच्या पाथरपुंज गावाचा पाऊस राज्यात सर्वाधिक पडणाऱ्या पावसांत मोजतात. त्या कड्यात डोंगर कापून रस्ता केला तर खाली राहणार कोण, आपणच ना?

शास्त्रीकाठ (संगमेश्वर):
रस्त्याबद्दल मी तुमच्याच बाजूचा आहे, ताई. उठलेल्या गावांचा मुद्दा मनाला लागला. म्हणून मागणीत भर घालतो: वाटाड्याच्या कामात पहिला हक्क उठवलेल्या घरातल्या मुलांचा. जुन्या पाणवठ्यांच्या जागा त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांना माहीत आहेत. पण दार पूर्ण बंद ठेवलं म्हणून माणूस थांबत नाही. प्रचितगडावर लोक चोरवाटेने जातातच. शिडीजवळ प्लॅस्टिकच्या बाटल्या मी स्वतः गोळा केल्या आहेत. परवानगीने गेलेल्याचं नाव वहीत असतं, परत आला नाही तर शोधता येतो.

घाटवाट:
दरडीचं पटतं, माझा चुलतभाऊ तेव्हा घाटात रात्रभर गाडीत होता. पण रस्ता नको म्हणता, तर गावाच्या हाती पैसा कसा येणार ते सांगा. नुसता नाका नको. राहणं-जेवण गावातल्या घरीच व्हायला हवं. बाहेरच्याने जमीन घेऊन रिसॉर्ट बांधलं, तर आम्ही तिथे भांडी घासायलाच.

कातळसडा:
ही अट आधी ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावरचं दार बंद असतं, तसं आपलंही बंदच हवं. नाका झालाच तर रोज दहापेक्षा जास्त माणसं सोडू नका, मोसमाच्या शेवटी मोजणी करा. त्या वाटेवर गव्यांचे माग कमी दिसले, तर पुढच्या वर्षी नाका उघडायचा नाही. हे मान्य असेल तर तुमच्या मागणीवर सही करते.