लांब पूल आणि बुडके पूल

दूधगंगाकाठ : मुंबईचा अटल सेतू आणि कर्नाटकात शरावतीवर झालेला सिगंदूर पूल यांची छायाचित्रे टाकून ‘ज्याला हे पूल दिसत नाहीत त्याला प्रगतीच दिसत नाही’ असे काल या चर्चेत लिहिले गेले, म्हणून हा खटाटोप. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर, हे मान्य. पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे आणि मोटारीला एका खेपेस २५० रुपये टोल पडतो. आमच्या चिक्कोडी-निपाणी भागातले बंधारावजा पूल मात्र पावसाने जोर धरला की पाण्याखाली जातात. मलिकवाड-दत्तवाड पूल बुडाला की पलीकडच्या बहिणीकडे मोठा वळसा घालून जावे लागते. लांबीचे कौतुक ज्यांना करायचे त्यांनी करावे. आम्हाला दहा फूट उंची हवी.

टिळकवाडी : सिगंदूरला नावे ठेवण्यापूर्वी तेथे एकदा जाऊन यावे. लिंगनमक्की धरणाच्या फुगवट्यामुळे शरावतीपलीकडची गावे साठेक वर्षे तुटली होती. लाँच संध्याकाळी थांबत असे, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेले की तिच्यावर वाहने घेत नसत. माझ्या साडूंची बदली तिकडे असताना मेहुणीला रात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा उजाडेपर्यंत पैलतीराचे दिवे पाहत बसावे लागले. जुलै २०२५ मध्ये खुला झालेला तो सुमारे अडीच किलोमीटरचा पूल छायाचित्रांसाठी बांधलेला नाही.

कृष्णाकाठी : दोघेही मूळ दुखणे सोडून बोलत आहात. पूल बुडतात ते कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने. धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटर असताना ही गत आहे, ती ५२४.२५६ मीटर झाल्यावर आमच्या पुलांची छायाचित्रे पाणबुडीतून काढावी लागतील.

टिळकवाडी : आलीच अलमट्टी! महाराष्ट्र शासनानेच नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचे खापर तिच्यावर फोडलेले नाही.

कृष्णाकाठी : अहवाल आपण वाचला असेल, आम्ही गोठ्यात छातीइतके पाणी पाहिले आहे. दावी कापून चार म्हशी सोडल्या, त्यांतल्या दोनच परत आल्या. गच्चीवरून पूर पाहणाऱ्यांनी आम्हाला फुगवटा शिकवू नये.

टिळकवाडी : म्हशींचे दुःख खरे, परंतु त्याने धरणाचे गणित सिद्ध होत नाही. आणि माझ्या घराला गच्ची नाही, कौले आहेत.

निवृत्त ओव्हरसियर : मोऱ्या आणि पूल मोजण्यात तीस वर्षे गेली, म्हणून बोलतो. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढले तरी दाट खांब तसेच राहतात, त्यांत केंदाळ आणि उसाचे पाचट अडकते आणि पाणी तुंबते. आता दूधगंगाकाठ यांची दहा फूट उंची घ्या. पूल दहा फूट उचलला की दोन्ही बाजूंचे जोडरस्तेही उचलावे लागतात. ते मुरुमाचा भराव टाकून केले, तर पात्राबाहेर पसरणारे पाणी त्या भरावाला अडते आणि आपण सरकारी खर्चाने नदीला आडवा बांध घालतो. २०१९ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेच्या पाण्याने पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता, हे निपाणीकरांना सांगायला नको. उपाय एकच : पूर जेथवर पसरतो तेथवर भरावाऐवजी खांब, म्हणजे नदी दोनशे फुटांची असली तरी पूल किलोमीटरभराचा.

दूधगंगाकाठ : म्हणजे लांबीची टिंगल करणाऱ्या मलाच लांब पूल हवा आहे, असे सिद्ध झाले. अभिनंदन. फक्त त्यावरून माझी दुचाकी दुधाच्या दोन किटल्यांसह जाऊ द्यावी आणि टोलनाका नसावा.

टिळकवाडी : दुचाकीचे म्हणणे मान्य. टोलचे अर्धेच मान्य, कारण खांबांचा किलोमीटर भरावाच्या किलोमीटरपेक्षा किती महाग पडतो, ते ओव्हरसियरसाहेबांनी सोयीस्करपणे सांगितलेले नाही.

निवृत्त ओव्हरसियर : महाग पडतो. पूर दरवर्षी येतो.

कृष्णाकाठी : आणि अलमट्टीचे काय ठरले?