बाळाचा ओठ आणि टाळू दुभंगलेली : खरंच ग्रहणामुळे होतं का? मदत हवी आहे

भावाला महिन्यापूर्वी मुलगी झाली. डावीकडचा ओठ पार नाकापर्यंत फाटलेला आणि आत टाळूपण उघडी. अंगावर ओढताच येत नव्हतं, दूध नाकातून यायचं, आता काढलेलं दूध बोंडल्याने थोडं थोडं पाजतोय, बाळाला जवळजवळ बसतं धरून, आणि वजन वाढतंय. सर्जन म्हणाले ओठाचं ऑपरेशन तीन महिन्यांनंतर, वजन साडेचार-पाच किलो आणि हिमोग्लोबिन १० झालं की, टाळूचं वर्षाच्या आसपास. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे बसतं म्हणून त्याची फार काळजी नाही.

काळजी घरातली आहे. ७ सप्टेंबरच्या ग्रहणाला वेध लागल्यावर वहिनीने भाजी चिरली म्हणून हे झालं असं आईने धरलंय, आणि बघायला येणारी प्रत्येक बाई तेच बोलून जाते. वहिनी मामाचीच मुलगी, म्हणजे आई तिची सख्खी आत्या, तरी ही तऱ्हा. मला विचारायचंय की हे नात्यातल्या लग्नामुळे असेल का, आमच्याकडे तर दोन्ही बाजूंना कुणालाच नाही, आणि पुढच्या बाळाला व्हायचा चान्स किती?

प्रतिसाद – कोकमसरबत
माझ्या मुलाला होतं, आता दहावीत आहे, त्यामुळे हे सगळं तोंडपाठ झालंय. ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्यानंतर नवव्या आठवड्याच्या आसपास. सप्टेंबरात तुमच्या वहिनीला कितवा होता ते मोजा म्हणजे भाजीचा विषयच मिटला.
अनुवंशिक म्हणाल तर थोडं ते आणि थोडं बाहेरचं. एकसारख्या जुळ्यांत एकाला असलं तरी दुसऱ्याला साधारण निम्म्याच वेळा असतं, नुसतं जीन्सवर असतं तर दर वेळी दोघांना झालं असतं ना. नात्यातल्या लग्नाने धोका थोडा वाढतो, पण कुणाच्याच घराण्यात नाही तरी होतं (आमच्याकडे तसंच). आईवडील नॉर्मल आणि एक मूल असं असेल तर पुढच्याला शंभरात तीन ते पाच. फक्त भाऊ-वहिनीच्या खालच्या ओठावर दोन बारीक खड्डे आहेत का ते नीट बघा. व्हॅन डर वूड नावाच्या आनुवंशिक सिंड्रोममध्ये तसे असतात आणि त्यात चान्स थेट पन्नास टक्क्यांवर जातो.
गरोदर राहायच्या आधीपासून शुगर होती का? घरात विडी-सिगरेट? सुरुवातीला फिट्सच्या वगैरे गोळ्या?

धागाकर्ती
सप्टेंबरात तिला सहावा लागला होता!! खड्डे दोघांनाही नाहीत, शुगर, विडी काही नाही. पण अर्धशिशीसाठी टोपिरामेट चालू होती, दिवस गेल्याचं उशिरा कळलं, सातवा-आठवा आठवडा असेल, तेव्हा बंद केली. हे त्यातलंच का?

प्रतिसाद – कोकमसरबत
हो, टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट या फिट्सच्याच गोळ्या, त्यांनी ओठ-टाळूचा धोका वाढतो. तरी ती घेणाऱ्या बहुतेक बायकांची मुलं नीटच असतात, त्यामुळे या बाळाला त्याच गोळीने झालं असं कुणीच छातीठोक सांगणार नाही. पुढच्या वेळी प्लॅनिंगच्या आधीच न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन औषध बदलून घ्या, मनाने बंद करू नका. फॉलिक ॲसिडपण आधीपासून, डोस डॉक्टरच ठरवतील.
आणि हे आईंना सांगू नका हो, ग्रहण सोडून गोळी धरून बसतील.

धागाकर्ती
अगदी!! आईला फक्त आठवडे मोजून दाखवते, त्या गोळीचं नावसुद्धा काढणार नाही. सांगली-कोल्हापूरकडे जेनेटिक काउन्सेलिंगला कुणी गेलंय का, की पुण्यालाच जावं लागतं? आणि बाळाची कुठली टेस्ट आधी करून न्यायची की तेच सांगतात?