मदत हवी आहे : तालुक्याच्या कार्यालयात बीपी-शुगर तपासणी टिकवायची कशी?

जळगाव जिल्ह्यातलं एक तालुका कार्यालय, ४२ जण. निम्मे टेबलावर, बाकीचे गावोगाव फिरतीवर. साहेबांनी 'कर्मचारी आरोग्य उपक्रम' माझ्या गळ्यात घातलाय. वेगळा निधी नाही.

आत्तापर्यंत दोन गोष्टी केल्या. आयुष मंत्रालयाचा पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' (कामाच्या जागीच करायचा थोडा योग) रोज चार वाजता सुरू केला. आठवडाभर चालला, मग समोर दाखल्यांसाठी उभ्या लोकांनी "कामं सोडून हात काय हलवता?" असं सुनावलं आणि सगळे ओशाळले. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. दुसरं, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरांना बोलावून तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तपासली. पहिल्या दिवशी रांग लागली. पण आकडे लिहिले हजेरीच्या टेबलावरच्या वहीत, आणि दुपारच्या डब्यापर्यंत कोणाची शुगर किती हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ! पुढच्या महिन्यात फक्त नऊ जण आले.

कामाची वेळ ९.४५ ते ६.१५, जेवणाची सुट्टी अर्धा तास. शनिवार-रविवारी कोणी येणार नाही, आणि बोलावूही नये. एप्रिल-मेच्या उन्हात बाहेरचं काही जमत नाही. योगशिक्षक, जिम, ॲप सुचवू नका.

ज्यांच्या कार्यालयात अशी तपासणी वर्षभर टिकली त्यांना विचारतो : नोंदी कोणाकडे ठेवता? प्रत्येकाच्या हाती स्वतःचं कार्ड देऊन कार्यालयात काहीच न ठेवणं चालतं का, की वर अहवाल पाठवताना अडतं? आणि फिरतीवरच्यांना कोणत्या दिवशी गाठता?