हॉलमध्ये दोन्ही फेडर वर केले की ड्रोन गायब! स्टिरिओ मिक्सर आणि आउटपुट मॉड्यूलबद्दल मदत हवी

लालबाग_ऑसिलेटर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण आठ दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझ्याकडे लाकडी पेटीत बसवलेली छोटी युरोरॅक आहे, म्हणजे सुटी मॉड्यूल तारांनी जोडून वाजवायचा सिंथेसायझर. दोन ऑसिलेटर (सूर काढणारे), एक फिल्टर, किकचं, म्हणजे ड्रमच्या ठोक्याचं, एक मॉड्यूल आणि आवाजाचे पडसाद काढणारा एक स्टिरिओ डिले. आजवर सगळं एका मोनो मिक्सरमधून काढून हेडफोनवर ऐकायचे. यंदा पैसे साठवून सहा चॅनेलचा स्टिरिओ मिक्सर घेतला, प्रत्येक चॅनेलला लेव्हल आणि पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवायचा नॉब). सोबत आउटपुट मॉड्यूल. त्याला डावा-उजवा असे दोन मोठे बॅलन्स्ड जॅक आहेत आणि हेडफोनचा छोटा जॅक, त्याचा नॉब वेगळा.

बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांची पट्टी काळी चार. मी दोन्ही ऑसिलेटर काळी चारच्या सा वर लावते, एक अगदी किंचित चढा. हाच माझा ड्रोन, सतत चालू राहणारा सूर. एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. हेडफोनवर तंबोऱ्यांच्या जोडीच्या मधोमध बसल्यासारखं वाटतं. हे वाटणं लोकांपर्यंत पोचवायचं म्हणून तर हा सगळा खर्च केला.

गेल्या शनिवारी दादरला एका छोट्या हॉलमध्ये पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवलं. साऊंडवाल्या दादांनी एक वाय लीड दिली, एका टोकाला एक मोठी पिन, दुसऱ्या टोकाला दोन. एक पिन माझ्या डाव्या आउटला लावली, दोन पिना त्यांच्या मिक्सरच्या पाच आणि सहा नंबर चॅनेलला. त्यांनी दोन्ही चॅनेलचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) वर केले आणि ड्रोन नाहीच. लांबून रेडिओ ऐकू यावा तसा पातळ, चिरका आवाज. माझ्या हेडफोनवर मात्र सगळं भरदार. समोर चाळीस माणसं बसलेली, हातपाय गार पडले. शेवटी दादांनी सहा नंबरचा फेडर खाली ओढला आणि हॉल एकदम भरून गेला. एक चॅनेल कमी केल्यावर आवाज वाढतो कसा?

दुसरी गोष्ट. किक सुरू झाली की आवाज फाटतो. आउटपुटचा नॉब घड्याळातल्या नऊच्या जागी आणला तरी फाटतोच, फक्त हळू आवाजात फाटतो. मॉड्यूलच बिघडलंय का?

भांडुप५०हर्ट्झ

लीड आतून तुटली असणार. एका पिनेचं शिल्ड सुटलं की असला चिरका आवाज येतो. मॉड्यूल परत पाठवायच्या आधी लीड बदलून बघ.

विंगेतला_माणूस

लीड तुटलेली नाही आणि मॉड्यूलही बिघडलेलं नाही. मी सव्वीस वर्षं नाटकांचं साऊंड केलंय. फेडर खाली ओढल्यावर आवाज परत आला, हे तू लिहिलंस तिथेच उत्तर आहे.

तुझ्या आउटपुटच्या मोठ्या जॅकला तीन संपर्क असतात. पिनेचं टोक, मधली कडी आणि बूड. बूड म्हणजे ग्राउंड. टोकावर सिग्नल जातो आणि कडीवर तोच सिग्नल उलटा करून जातो, म्हणजे टोकावर व्होल्टेज वर चढत असतं तेव्हा कडीवर ते खाली उतरत असतं. घेणारं यंत्र दोघांमधला फरक काढतं. वाटेत लीडने पकडलेली घरघर दोन्ही तारांवर सारखीच असते, म्हणून फरक काढताना ती नाहीशी होते. बॅलन्स्ड लाइनचं सगळं काम एवढंच.

ती वाय लीड वेगळ्या कामाची, इन्सर्टची, म्हणजे मिक्सरमधला आवाज बाहेरच्या यंत्रात नेऊन परत आणायची. तिने टोक पाच नंबरला नेलं आणि कडी सहा नंबरला. त्या मिक्सरमध्ये एकच आवाज दोनदा पोचला, एकदा सुलटा आणि एकदा उलटा. छोट्या हॉलची पीए, म्हणजे स्पीकरची यंत्रणा, बहुतेक मोनो असते, तिथे दोन्ही एकत्र आले आणि एकमेकांना खाऊन बसले. जो चिरका आवाज उरला तो दोन चॅनेलच्या ईक्यूमध्ये (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायच्या नॉबमध्ये) आणि फेडरमध्ये होता तेवढा फरक. सहा नंबर खाली ओढला आणि उलटा आवाज गेला. काही आउटपुट मॉड्यूलमध्ये कडीवर सिग्नल नसतोच, फक्त इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत अडथळा, टोकाशी जुळवलेला असतो. तुझं तसं असतं तर सहा नंबर नुसता मुका राहिला असता.

आणखी एक, तू फक्त डावा आउट पाठवलास. उजवीकडचा तंबोरा त्या दिवशी हॉलमध्ये कुणी ऐकलाच नाही. मला याचंच जास्त वाईट वाटलं.

दोन स्वतंत्र लीड कर, एका टोकाला तीन संपर्कांची मोठी पिन, दुसऱ्या टोकाला एक्सएलआर, म्हणजे माइकच्या लीडला असतो तसा तीन पिनांचा गोल जोड. तयार मिळतात, पण लॅमिंग्टन रोडला समोर बसून सोल्डर करून घेतल्या तर आत काय आहे ते दिसतं. घरी आल्यावर मल्टीमीटर बझरवर ठेवून तपास. टोक एक्सएलआरच्या दोन नंबर पिनेला, कडी तीनला, बूड एकला. हॉलमध्ये लीड लावायच्या आधी साऊंडवाल्याला त्या दोन चॅनेलचा ४८ व्होल्टचा फँटम बंद करायला सांग. तो लीडमधूनच माइकला दिला जाणारा वीजपुरवठा असतो. उलट दिशेने तुझ्या आउटपुटमध्ये शिरला तर मॉड्यूल खरोखर बिघडू शकतं.

आता फाटण्याचं. रॅकमधला आवाज साधारण उणे पाच ते अधिक पाच व्होल्ट, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत दहा व्होल्ट. व्यावसायिक लाइन लेव्हल, जिला अधिक चार डीबीयू म्हणतात, ती साडेतीन व्होल्टच्या आसपास, आणि घरगुती यंत्रांची एक व्होल्टच्याही आत. हे अंतर उतरवणं हे आउटपुट मॉड्यूलचं काम आणि ते तुझं मॉड्यूल नीट करतंय. फाटतंय त्याच्या आधी, मिक्सरमध्ये. तुझ्या डाव्या बाजूचाच हिशोब कर. एक ऑसिलेटर पाच व्होल्ट. डिलेची डावी बाजू पाच. किक मध्यावर आहे म्हणून पॅनमुळे थोडी उतरून अडीच ते साडेतीन. सगळ्यांचे माथे एकाच क्षणी आले तर साडेबारा ते साडेतेरा. रॅकचा वीजपुरवठा अधिक-उणे बारा, आणि मिक्सरमधली आवाज एकत्र करणारी चिप, ऑपअँप, त्याच्याही थोडं आधीच थांबते. त्यावरचा माथा सपाट कापला जातो, तोच तुला फाटल्यासारखा ऐकू येतो. पुढे आउटपुटचा नॉब कितीही कमी केलास तरी कापलेला माथा परत येत नाही.

एका दौऱ्यात मीही हे भोगलंय. नायिकेचा माइक पहिल्याच टप्प्यावर फाटत होता आणि मी अख्खा पहिला अंक मास्टर कमी-जास्त करत बसलो. प्रेक्षकांनी तिचं रडणं फाटक्या आवाजात ऐकलं. मध्यंतरात तिने काही न बोलता माझ्याकडे पाहिलं, ते अजून आठवतं.

म्हणून मिक्सरचे सगळे चॅनेल बंद करून सुरुवात कर. आधी फक्त किक उघड, अर्ध्यापर्यंत. मग एकेक ऑसिलेटर तिच्याखाली आण, शेवटी डिले. कुठे फाटलं तर शेवटचा उघडलेला चॅनेल नाही, सगळेच थोडे थोडे कमी कर, म्हणजे तोल बिघडत नाही. हॉलला जेवढा आवाज हवा तेवढा नंतर आउटपुटच्या नॉबने वाढव. जुना मोनो मिक्सर विकू नकोस. पुढे आवाज वाढले की मध्यावरचे सगळे त्यात एकत्र करून एकाच चॅनेलला आणता येतात. माझ्याकडे डोप्फरचं ए-१३८एस हे स्टिरिओ मिक्सर मॉड्यूल आहे, त्याला चारच चॅनेल, त्यामुळे मी कायम असंच करतो.

आणि तुझ्या जोडीबद्दल. दोन ऑसिलेटर अर्ध्या हर्ट्झने वेगळे असतील तर मोनोमध्ये दर दोन सेकंदांनी ते एकमेकांना मिटवतील. हेडफोनवर हे होत नाही, कारण दोन कानांत ते वेगवेगळेच राहतात. मोनो हॉलमध्ये मात्र ड्रोन भरेल आणि पार रिकामा होईल. दोघांची लेव्हल सारखी ठेवू नकोस. एक दुसऱ्याच्या निम्मा ठेवलास तर झोका राहतो पण तळ सुटत नाही. घरी सराव करतानाच डावा-उजवा एकत्र करून एकदा ऐकत जा.

भांडुप५०हर्ट्झ

काका, माझं चुकलं, इन्सर्ट लीडचा विचारच केला नव्हता. लालबाग, अजून एक जप. हेडफोनच्या जॅकमध्ये कधीही मोनो पिन घालू नकोस. तिचं लांब बूड उजव्या चॅनेलचा संपर्क थेट ग्राउंडला जोडतं आणि बिचारा हेडफोन अँप शॉर्टवर चालत राहतो.

लॅपटॉप जोडून वाजवणार असशील तर घरघरीची तयारी ठेव. रॅक एका प्लगवर, लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या खोलीच्या प्लगवर, असं झालं की ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडच्या तारांचं बंद वेटोळं, तयार होतो आणि पन्नास हर्ट्झ आणि त्याच्या पटी ऐकू येतात. आमच्या जुन्या इमारतीत हे नेहमीचंच. दोन्ही एकाच बोर्डावर घे, नाहीतर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स मध्ये टाक, तो आवाज पुढे नेतो पण ग्राउंड वेगळे ठेवतो. अर्थिंगची पिन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी काढू नकोस.

लालबाग_ऑसिलेटर

काका, भांडुप, दोघांचेही मनापासून आभार. सोमवारी ऑफिसमधून निघून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडला दोन लीड समोर बसून करून घेतल्या. त्या बझरवर तपासल्या, बरोबर आहेत. गडबडीत दादांची वाय लीड माझ्याच पेटीत आली होती, तीही तपासली. टोक एका पिनेवर बीप, कडी दुसऱ्या पिनेवर बीप. काका, तुम्ही न बघता सांगितलंत!

काल बाबांच्या मंडळाचा अँप्लिफायर घरी आणला, तो मोनोच आहे. दोन्ही ऑसिलेटर सारखे ठेवले तेव्हा खरंच दर दोन सेकंदांनी तळ निघून जायचा. बाबा पेटी लावून बसले होते, दोनदा थांबले आणि म्हणाले, सा कुठे जातो गं मधेच? उजवा निम्म्यावर आणला, मग ते थांबले नाहीत. किक आता मिक्सरवर अर्ध्याच्या किंचित खाली आहे, ऑसिलेटर त्याच्याखाली, आणि आउटपुटचा नॉब दोनच्या जागी. आवाज आधीपेक्षा मोठा आहे आणि फाटत नाही.

येत्या शनिवारी तोच हॉल, तेच दादा. दोन्ही लीडना डावी-उजवीच्या रंगीत पट्ट्या लावल्यात. पोचल्यावर आधी फँटमचं विचारणार आणि त्यांची वाय लीड त्यांना परत देणार.