मदत हवी आहे: 'डाउट' म्हणजे शंका की संशय?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर लिखापढी बघतो. परवा दुबईच्या गिऱ्हाइकाला राजापुरी हळदीच्या मालाबद्दल मेल केला, त्यात लिहिलं, 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर पेमेंट'. मला एवढंच विचारायचं होतं की पैसे कोणत्या खात्यावर टाकणार. तासाभरात त्याचा फोन, आवाज चढलेला: "माझ्यावर भरवसा नाही का?" शेठ नुसते माझ्याकडं बघत बसले, हातातला चहा गार झाला.

आपल्याकडं शाळेत सर विचारायचे, "एनी डाउट्स?" आणि आपण हात वर करायचो. डिक्शनरीत बघितलं तर डाउट म्हणजे खात्री नसणं, विश्वास न बसणं. साधा प्रश्न असला की 'क्वेश्चन' लिहायचं, एवढं कळलं. ('डाउट'च्या स्पेलिंगमधला 'बी' बोलायचाच नसतो, लॅटिनमधल्या मूळ शब्दाकडं बघून मागाहून घातलाय. कशाला ते त्यांनाच माहीत.)

अडलंय ते पुढंच. 'आय डाउट ही विल पे' म्हणजे बहुतेक देणार नाही, आणि 'आय सस्पेक्ट ही विल पे' म्हणजे बहुतेक देईल. माझ्या डोक्यात दोन्हीकडं 'शंका'च येते आणि सगळा घोळ होतो. रोज इंग्रजीत पत्रव्यवहार करणारे हे कसं लक्षात ठेवतात? आणि पैशाचं विचारताना समोरच्याला टोचणार नाही असं एखादं वाक्य कुणी सुचवेल का? सोमवारी त्यालाच परत मेल करायचाय.