दहा वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या सिस्टरची पुन्हा परीक्षा कशाला? (परदेशी जाणाऱ्या नर्सबद्दलची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणारीचं किंवा लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

रात्रपाळी

यूकेत नर्सची नोंदणी एनएमसी ही तिथली नर्सिंग कौन्सिल करते. आपल्याकडची बी.एस्सी. किंवा जीएनएम, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी, आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, शिवाय सीबीटी ही संगणकावरची परीक्षा. एवढं पार पडलं तरी पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, हातात येत नाही. तिकडे पोचल्यावर ओएससीई ही मुख्यतः काम करून दाखवायची परीक्षा द्यावी लागते. दहा स्टेशनं, म्हणजे दहा छोट्या चाचण्या, फी ७९४ पौंड. दहा वर्षं आयसीयू सांभाळलेल्या बाईवर हा अन्याय आहे असं मला ठामपणे वाटतं. ही परीक्षा कौशल्य तपासत नाही, सवयी तपासते.

इंजेक्शन दिल्यानंतरचे पाच सेकंद बघा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे आपली सिस्टर सुई कटरमध्ये कापते, सुई पांढऱ्या डब्यात टाकते, सिरिंज लाल पिशवीत. हात आपोआप तिकडे वळतो. यूकेत सुई आणि सिरिंज वेगळी करायचीच नाही, दोन्ही एकत्र पिवळ्या शार्प्स बिनमध्ये, तीही रुग्णाशेजारीच. आपल्या नियमानं बरोबर वागलेली बाई तिकडे चुकीची ठरते. यात तिचं नर्सिंग कुठे कमी पडलं?

औषधांचंही तेच. पेनिसिलिन गटातल्या ज्या औषधाला आपण ऑगमेंटिन म्हणतो, ते त्यांच्या चार्टवर को-अमोक्सिक्लाव्ह म्हणून लिहिलेलं असतं. रुग्णाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे हे हातातल्या पट्टीवर वाचूनही नाव ओळखीचं नसल्यामुळे औषध दिलं जातं, आणि ते स्टेशन तिथेच बुडतं.

केसपेपर

रात्रपाळी, सुईचा मुद्दा मान्य. औषधाचा अजिबात मान्य नाही. नाव माहीत नव्हतं म्हणून पेनिसिलिन दिलं, तर रुग्णाच्या दृष्टीनं ती सवय नाही, ॲनाफिलॅक्सिस आहे, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. जेनेरिक नावं शिकूनच तिकडच्या वॉर्डात पाऊल टाकायला हवं, आणि ते तपासायचा हक्क त्या देशाला आहे.

आता असेसमेंटचं स्टेशन घेऊ. तिथे न्यूज-२ चा तक्ता भरायचा असतो: प्रत्येक मोजमापाला गुण, बेरीज जितकी जास्त तितका रुग्णाला धोका जास्त. समजा श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९४, नाडी ११२, ताप ३८.४ सेल्सियस (आपण १०१ म्हणतो तो), वरचं बीपी ११८, रुग्ण शुद्धीवर. गुण अनुक्रमे २, १, २, १, ०, ०. बेरीज ६. पाच किंवा त्याहून जास्त झाल्यामुळे डॉक्टरांना तातडीनं कळवायचं आणि निदान दर तासाला पुन्हा मोजायचं.

ताप, नाडी, श्वास नोंदवायच्या टीपीआर चार्टवर श्वासाच्या रकान्यात न मोजता २० लिहायची खोड आपल्याकडे किती खोलवर आहे हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. वरच्याच रुग्णाला २० लिहा. श्वासाचे गुण शून्य, बेरीज ४. आता त्याच्याकडे चार ते सहा तासांनी बघितलं तरी तक्त्याप्रमाणे चालतं. रुग्ण तोच, ताप तोच, आणि एका खोट्या आकड्यानं त्याचे चार तास गेले. ओएससीईत परीक्षक घड्याळाकडे बघत असतो की तुम्ही पूर्ण मिनिटभर छाती वरखाली होताना मोजली की नाही. याला तुम्ही नुसती सवय म्हणणार?

रात्रपाळी

वीस लिहिण्याची खोड कुठून आली तेही सांगा ना. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतरत्र पाचांमागे एक. प्रत्यक्षात सरकारी वॉर्डात रात्री एकटी सिस्टर तीस-चाळीस खाटा बघते. प्रत्येकाचा श्वास मिनिटभर मोजायचा तर तेवढ्यातच पाऊण तास जातो. हा दोष तिचा नाही, आणि पाच रुग्ण दिले तर ती मोजेल. दीड-दोन तासांच्या नाटकी प्रसंगांवरून हे कळत नाही. म्हणून मला जर्मनीसारखी पद्धत रास्त वाटते: कामावर घ्या, काही महिने देखरेखीखाली बघा, मग मान्यता द्या.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीचं नाव निघालं म्हणून लिहिते. लांबून ती पद्धत सोपी दिसते, तशी ती नाही.

आधी त्या त्या राज्याचं कार्यालय तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी ताडून बघतं: २१०० तास थिअरी, २५०० तास प्रात्यक्षिक. फरक निघाला की त्याचं पत्र येतं, आणि आपल्याकडच्या बहुतेकींना ते येतंच. मग दोन वाटा. एक, अनुकूलन प्रशिक्षण, म्हणजे वॉर्डात देखरेखीखाली काम आणि शेवटी त्यावर चर्चा. दुसरी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, जी एकदाच पुन्हा देता येते. दोन्ही वाटांवर बी-२ पातळीचं जर्मन लागतं आणि मान्यता येईपर्यंत पगार मदतनिसाचा मिळतो.

महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल कामगारांसाठी करार केला, तेव्हापासून 'परीक्षा नाही, फक्त भाषा' असं सांगणारे क्लास निघालेत. ते खरं नाही. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं ही तिकडे नर्सचीच कामं. आपल्याकडे ती नातेवाईक आणि मावशी करतात. फरक बहुतेक तिथेच निघतो, आयसीयूच्या कौशल्यात नाही.

केसपेपर

आणि यूकेतही पूर्वी देखरेखीचीच पद्धत होती. २०१४ पर्यंत परदेशी नर्सला तीन ते सहा महिने देखरेखीखाली काम करावं लागे. पण तशा जागा मिळणंच दुरापास्त, आणि जागा मिळवून देण्याच्या नावाखाली पैसे उकळले जात. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याऐवजी सीबीटी आणि ओएससीई आली. परीक्षेत निदान गुण कशाला आहेत ते आधी जाहीर असतं. देखरेखीत सगळं एका वॉर्डप्रमुखाच्या मर्जीवर. ती मर्जी परदेशी बाईच्या बाजूनं असेल असं कशावरून धरायचं?

समोरासमोर परीक्षा का, याचं उत्तर २०२३ साली मिळालं. नायजेरियातल्या इबादान शहरातल्या सीबीटी केंद्राचे निकाल संशयास्पद निघाले आणि तिथून पास झालेल्या सगळ्यांकडेच शंकेनं बघितलं गेलं. प्रामाणिक मुलींचं त्यात किती नुकसान झालं असेल! हातानं काम करून दाखवायची परीक्षा अशा वेळी आपलीच ढाल असते.

नाव_दोनदा

तुम्ही दोघं ओएससीईवर भांडताय, आपल्याकडच्या मुली त्याच्या कितीतरी आधी अडकतात. नावापाशी.

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव. लग्नानंतर पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. कौन्सिलची नोंदणी कधी या नावानं, कधी त्या. परदेशात कागद तपासणाऱ्या बाईला या तीन वेगळ्या व्यक्ती वाटतात. सीबीटी केंद्रावर तर पासपोर्ट आणि बुकिंगच्या नावात फरक दिसला की आत सोडत नाहीत, आणि ८३ पौंड गेले.

क्रम असा ठेवा. विवाह नोंदणीचा दाखला काढा, गरज असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करा. मग कौन्सिलच्या नोंदणीत नाव बदलून घ्या, पाच वर्षांचं नूतनीकरण संपत आलं असेल तर तेही उरका. त्यानंतरच एनएमसीचा अर्ज आणि सीबीटीचं बुकिंग, दोन्ही पासपोर्टवरच्या नावानं. पासपोर्ट नंतर बदलला तर इंग्रजीच्या निकालावरचं नाव जुनं राहतं, तो निकाल दोनच वर्षं चालतो, आणि पुन्हा खर्च.

एएनएम (सहायक नर्स-दाई) झालेल्या मुलींना मात्र कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं की त्या पात्रतेवर ही वाटच नाही. 'आधी केअर वर्कर म्हणून जा, तिकडे नर्स हो' असं सांगणाऱ्या एजंटांचं तर ऐकूच नका. केअर वर्करसाठी परदेशातून नवी भरती यूकेनं २२ जुलै २०२५ पासून बंद केली आहे.

रात्रपाळी

नाव_दोनदा, हे सगळं वर चिकटवून ठेवायला हवं.

केसपेपर, श्वास मोजण्याबद्दल तुमचं बरोबर, तिथे मी मागे येते. पण पैशाचं काय? परीक्षा नोकरीवर रुजू झाल्यावर होते, पिन येईपर्यंत पगार बँड ५ चा, म्हणजे नोंदणीकृत नर्सच्या सुरुवातीच्या श्रेणीचा नाही, खालचा. तीनदा नापास झाली तर अर्ज बंद, सहा महिने थांबा. व्हिसा त्याच नोकरीवर. म्हणजे एका दुपारच्या कामगिरीवर घर, कर्ज आणि मुलाची शाळा टांगलेली. त्या ताणात थरथरणाऱ्या हातानं जखमेचं ड्रेसिंग करायचं, आणि त्यावरून ती सुरक्षित आहे की नाही ठरवायचं. हे मला अजूनही पटत नाही.

केसपेपर

ताण खरा आहे, पण 'एका दुपारी सगळं गेलं' असं होत नाही. सात किंवा त्याहून कमी स्टेशनं बुडाली तर फी निम्मी, ३९७ पौंड, आणि बुडालेलीच पुन्हा द्यायची. पैशाची पकड परीक्षेमुळे बसत नाही, करारामुळे बसते. सही करण्याआधी तीन गोष्टी बघा: फेरपरीक्षेची फी कोण भरणार, नोकरी सोडल्यास किती रक्कम परत मागणार, आणि ती दर महिन्याला कमी होत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते. यूकेच्या भरतीसाठी एजंटनं उमेदवाराकडून पैसे घेणं त्यांच्याच आचारसंहितेत बसत नाही. आपल्याकडेही नोंदणीकृत एजंटच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक जीएसटी ही मर्यादा आहे. लाखाच्या भाषेत बोलणारा माणूस दोन्हीकडचे नियम मोडतोय.

रात्रपाळी

कराराचं मान्य. परीक्षेचं नाही. आणि लेखी स्टेशनांबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. दोन स्टेशनं पूर्ण लेखी, त्यातल्या एकात सहकाऱ्याची किंवा डॉक्टरची चूक दिसल्यावर काय कराल ते लिहायचं. आपल्या वॉर्डात डॉक्टरची चूक वर कळवणाऱ्या सिस्टरची बदली होते. तिनं तिकडे 'मी वरिष्ठांना लगेच कळवीन' असं लिहिलं, तर ते तिचं खरं उत्तर की शिकवलेलं?

केसपेपर

पहिल्या दिवशी शिकवलेलं. पण तिकडे ते न लिहिणाऱ्या आणि न करणाऱ्या नर्सचा पिन जाऊ शकतो, हे तिला परीक्षेआधी कळलेलं बरं. केअर प्लॅनच्या स्टेशनावरही तिकडचा नियम आधी शिकूनच जायचं: चुकलेला शब्द गिरवून झाकायचा नाही, एक सरळ रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी सही.